वाचक विचारतात: वाळीत पडलेल्यांनी अनडेडांचा रस्ता का धरावा?

प्रश्न: आम्ही चौघे मित्र दर रविवारी फासे आणि कागद घेऊन फॅन्टसी रोलप्ले खेळतो, आणि कथानक सांभाळण्याचे काम माझ्याकडे असते. या वेळी एकाने टोळीतून हाकललेला ऑर्क घेतला आहे, दुसरीने कुळाने नाव टाकलेली एल्फ आणि तिसऱ्याने चोरीच्या आळापायी गाव सुटलेला ड्वार्फ. तिघांनाही अनडेडांच्या, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठवलेल्यांच्या, फौजेत दाखल व्हायचे आहे. जिवंत माणूस मेलेल्यांच्या पक्षाला का मिळेल आणि तो पक्ष तरी त्याला का घेईल, हे मला पटवून देता येत नाही. गाजलेल्या खेळांनी हे कसे हाताळले आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या प्रश्नातला ‘दाखल होणे’ हा शब्दच आधी तपासून घ्यावा लागेल, कारण बहुतेक खेळांत अनडेडांकडे कोणी दाखल होत नाही, त्याला दाखल करून घेतले जाते, आणि तेही मेल्यानंतर. १९९९ सालच्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मध्ये नेक्रोमन्सरने, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगाराने, लढाई जिंकली की शत्रूच्या मृतांमधून त्याला सैनिक मिळतात, पण मेलेला एल्फ असो, ड्वार्फ असो की भालाईत, उठतो तो सहसा सांगाडाच. वंशभेद तिथे मिटतो खरा, परंतु त्याबरोबर ती व्यक्तीही मिटते.

जिवंतपणी मिळणाऱ्यांचे चांगले उदाहरण २००२ सालच्या ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये आहे. केल’थुझाड हा दालारान नगरीचा मोठा जादूगार. निषिद्ध विद्येच्या नादापायी तो आपल्या मंडळापासून तुटला आणि त्याने ‘कल्ट ऑफ द डॅम्ड’ हा पंथ उभा केला. अनडेडांसाठी सोने काढणारा आणि इमारती उभारणारा अकोलाइट हा याच पंथातला जिवंत माणूस असतो. अँडोरहाल या गावाहून, खाणाऱ्याला मारून अनडेड करणारे रोगट धान्य गावोगाव पोचले ते पंथाच्या या जिवंत हातांनी. सांगाड्याच्या हातून पीठ कोण घेणार? तो पक्ष जिवंतांना का घेतो, याचे उत्तर इथेच मिळते. मोबदला काय, तेही खेळ लपवत नाही: हवे तेव्हा अकोलाइटला बळीच्या खड्ड्यात पाठवता येते आणि तो शेड होऊन बाहेर येतो, म्हणजे कुणाला न दिसणारी, हल्लाही करू न शकणारी नुसती सावली.

आपल्याला हवी असलेली गोष्ट मात्र याच वॉरक्राफ्टच्या जगातल्या फोरसेकनांची आहे. या नावाचा अर्थच ‘टाकलेले’ असा होतो. लॉर्डेरॉन या मानवी राज्याचे हे प्रजाजन त्या रोगाने मेले आणि अनडेडांचा स्वामी लिच किंग याचे गुलाम म्हणून उठवले गेले. पुढे त्याची पकड सैल झाली तेव्हा ते सिल्व्हानस विंडरनरच्या मागे उभे राहिले. ती स्वतः माणूस नव्हे, तर सिल्व्हरमूनची एल्फ सेनापती, आणि तिलाही मारूनच उठवलेले. आपल्याकडे वाळीत टाकलेल्याच्या मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. इथे तर मयतच परत आले होते, आणि पूर्वीच्या आप्तांना ते नकोसे झाले होते. पुढे होर्डने, म्हणजे ऑर्क आणि त्यांच्या मित्रवंशांच्या आघाडीने, त्यांना आसरा दिला, तो बराचसा त्यातल्या टॉरेन या बैलमुखी वंशाच्या रदबदलीमुळे. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा याच जगातला ऑनलाइन खेळ आला तेव्हा खेळणाऱ्याला हे टाकलेपण पहिल्या मिनिटापासून अंगावर घेता आले, कारण त्याचे पात्र थडग्यातूनच बाहेर पडत असे.

माझ्या मते त्यानंतरची अधोगती जास्त बोलकी आहे. २०१० साली हीच सिल्व्हानस रणांगणावरच्या प्रेतांना उठवून आपली प्रजा वाढवू लागते आणि मग तुझ्यात आणि लिच किंगमध्ये फरक तो काय, असे होर्डचा प्रमुख गॅरोशच तिला विचारतो. २०१८ सालच्या कथानकात तर डेलारिन समरमून ही नाइट एल्फ मरता मरता आपल्या लोकांचे घर असलेला टेल्ड्रासिल हा महावृक्ष जळताना पाहते आणि पुढे उठवली गेल्यावर, ज्या सिल्व्हानसने तो जाळला तिच्याच बाजूने लढते. याला ती कारण देते ते असे की हाक मारली तेव्हा एलून देवी आली नाही. शत्रूपेक्षा आपल्या माणसाने, इथे आपल्या देवीने, पाठ फिरवल्याचा राग खोल जातो, आणि आपल्या एल्फलाही नेमका असाच एखादा राग हवा.

सर्वांत नेमके उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवले आहे. २००८ साली याच ऑनलाइन खेळात डेथ नाइट, म्हणजे मेल्यावर लिच किंगने उठवलेला योद्धा, हा पात्रवर्ग आला आणि तो तेव्हाच्या दहाही वंशांना खुला होता. सुरुवातीच्या कामगिऱ्यांत आपल्याला एका कैद्याला ठार करायला धाडले जाते. तो आपल्याच वंशाचा असतो, आपल्याला ओळखतो, तू पूर्वी कोण होतास ते आठव म्हणून विनवतो. आणि तरी त्याला मारल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही. नंतर लिच किंगच्या ताब्यातून सुटून आपण आपल्या राजधानीत पत्र घेऊन जातो, तेव्हा रस्त्यावरचे लोक सडकी फळे फेकतात. ज्यांच्यासाठी परत यायचे त्यांनीच केळे भिरकावल्यावर, दहा वंशांच्या त्या सरदारांचा तरंगता किल्ला घरासारखा का वाटू लागतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा आपल्या तिघांना फौजेच्या दारात नेण्यापूर्वी प्रत्येकासमोर त्याच्या गावचा एक माणूस उभा करा: ऑर्कचा भाऊ, ड्वार्फचा सावकार, एल्फची आई. ‘परत ये’ असे त्याने म्हणावे की नाही, ते फाशावर सोडा. आणि अकोलाइटच्या खड्ड्यासारखे काहीतरी पहिल्याच बैठकीत त्यांच्या नजरेस पडू द्या.

प्रश्न: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मला ऑर्क फोरसेकन करता येईल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: नाही. पात्र निवडताना दिसणारा ‘अनडेड’ हा वंश मुळात माणसांचाच आहे. अनडेड ऑर्क हवा असेल तर डेथ नाइट घ्यावा. एल्फ चालत असेल तर २०२२ पासून ब्लड एल्फ आणि नाइट एल्फ यांना डार्क रेंजरचा, म्हणजे सिल्व्हानसच्या अनडेड एल्फ तिरंदाजांचा, फिकट चेहरा आणि लाल डोळे घेता येतात, पण तो बदल केवळ रूपाचा आहे.