आक्रमण, चढाई की आघाडी?

मुंबई सिटी या फुटबॉल संघाच्या एका पाठीराख्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या मोसमातील सलामीच्या सामन्यापूर्वी त्याच्या मित्रमंडळात, संघाने गोल कोणत्या मार्गाने करावेत, यावर बराच वाद झाला. २०२०-२१च्या मोसमात साखळीतील अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद असे दोन्ही बहुमान मिळवून देणारी छोट्या पासांची, चेंडूवर ताबा ठेवण्याची पद्धत पुन्हा आणावी, असे काहींचे मत पडले. तर प्रतिस्पर्धी आता ती पद्धत ओळखून असल्यामुळे चेंडू लवकर पुढे टाकून कडेच्या धावपटूंना मोकळीक द्यावी, असे इतरांना वाटले. या वादाचा गोषवारा मराठीत लिहायला बसल्यावर मात्र पहिल्याच वाक्यावर घोडे अडले. एकाने ‘आपले आक्रमण दुबळे आहे’ असे लिहिले, दुसऱ्याने ते खोडून ‘आपली आघाडी दुबळी आहे’ असे केले, तिसऱ्याला ‘चढाई’ हवी होती आणि चौथ्याचे म्हणणे होते की सरळ ‘अटॅक’ लिहावे, उगाच मराठीचा आग्रह कशाला. यांपैकी बरोबर शब्द कोणता, असा प्रश्न आहे.

चौथ्या मित्राचा पर्याय आधी निकालात काढतो. मैदानावर ओरडताना ‘अटॅक’ खुशाल म्हणावे, पण लिहिलेल्या मराठीत त्या शब्दाला दुसराच अर्थ चिकटलेला आहे. ‘पहिल्याच सामन्यात आपला अटॅक बंद पडला’ हे वाक्य एक वेळ चालेल. ‘सलामीलाच अटॅक येईल’ असे लिहिले, तर मुंबईतला कोणताही वाचक गोलाची वाट न पाहता डॉक्टरांचा नंबर शोधू लागेल.

उरलेले तिन्ही शब्द बरोबर आहेत, आणि वादाचे मूळ तेथेच आहे. इंग्रजीत जो एक शब्द आहे तो चार कामे करतो. एकदा चेंडू घेऊन पुढे जाण्याची कृती, गोल करण्याच्या खेळाचे सबंध अंग, ते अंग सांभाळणारे खेळाडू आणि संघाची वृत्ती, हे सगळे तो एकटा सांगतो. मराठीने ही कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. त्यामुळे एका शब्दाला एक शब्द असा हिशेब मांडला की प्रत्येक मित्राला आपापला शब्द योग्य वाटतो आणि दुसऱ्याचा खटकतो.

‘चढाई’पासून सुरुवात करू, कारण मुंबईकराच्या कानाला हा शब्द सर्वांत ओळखीचा आहे. ‘लढणे’वरून ‘लढाई’, तशी ‘चढणे’वरून ‘चढाई’. डोंगर चढणे आणि शत्रूवर चालून जाणे, हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात. गडकोटांच्या मुलखात ते एकत्र आले यात मला तरी नवल वाटत नाही. पण आज हा शब्द जिवंत आहे तो कबड्डीमुळे. परळ-प्रभादेवीच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाला चढाई म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एक खेळाडू मध्यरेषा ओलांडतो, दम धरून प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात जातो, आणि ३० सेकंदांच्या आत गुण घेऊन किंवा रिकाम्या हाताने परत येतो. चढाईला आरंभ आहे, शेवट आहे आणि ती मोजता येते. ‘दहा चढायांत सात गुण’ असे आपण सहज म्हणतो.

मोजता येणे हा या शब्दाचा खरा गुण आहे. फुटबॉलमध्येही जेव्हा एखाद्या विशिष्ट प्रयत्नाबद्दल बोलायचे असते, तेव्हा ‘चढाई’ला तोड नाही. ‘पहिल्या वीस मिनिटांत मुंबईने उजव्या बगलेतून सलग चार चढाया केल्या’ हे वाक्य स्वच्छ आहे. (‘बगल’ हा शब्दही येथे मुद्दाम वापरला आहे. जुन्या मराठी सामनावर्णनांत तो भेटतो आणि ‘विंग’पेक्षा मला तो आवडतो, जरी ‘बगल देणे’ म्हणजे टाळणे असा दुसरा अर्थ त्याला असला तरी. एरवी कडेच्या खेळाडूचे काम बचावपटूला बगल देणे हेच असते.) मात्र ‘आपली चढाई दुबळी आहे’ असे लिहिले की वाचक विचारतो, कोणती चढाई? सबंध मोसमाच्या खेळाबद्दल बोलायचे असताना मोजदादीचा शब्द अपुरा पडतो.

तेथे ‘आक्रमण’ लागते. या शब्दाला प्रश्नकर्त्याच्या एका मित्राने घेतलेला आक्षेप असा की तो परकीय टोळ्यांसाठी राखून ठेवलेला आहे, खेळाला जड होतो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी आपल्यावर केलेला हा संस्कार आहे. मूळ संस्कृतात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, आणि ‘आक्रमण’ म्हणजे एखाद्याच्या दिशेने पाऊल टाकत जाणे. त्याच धातूची भावंडे आपण रोज वापरतो. पराक्रम, उपक्रम, संक्रमण ही त्यांतलीच, आणि खेळाच्या पानावर तर ‘विक्रम’ रोज असतो. ‘अतिक्रमण’ मुंबईकराला पदपथांमुळे पाठ झालेले आहे. ‘ऑफसाइड’ला मराठी शब्द हवाच असेल, तर मी ‘अतिक्रमण’ सुचवीन. खेळाडू मर्यादेबाहेर पाऊल टाकून उभा असतो, आणि पथक येईपर्यंत आपण तेथे नव्हतोच असा त्याचा चेहरा असतो.

शिवाय ‘आक्रमण’ मराठी खेळात नवे नाही. खो-खोच्या बातम्या वाचणाऱ्याला ‘संरक्षणात अडीच मिनिटे आणि आक्रमणात तीन गडी’ ही भाषा परिचयाची आहे. पाठलाग करणारी बाजू आक्रमण करते, पळणारी संरक्षण करते. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. खो-खोत आक्रमण आणि संरक्षण यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एक पाळी संपली की बाजू बदलतात. अमेरिकेतल्या त्या हातात चेंडू घेऊन खेळायच्या फुटबॉलमध्येही साधारण असेच असते, तेथे तर दोन्ही कामांसाठी अकरा-अकरा खेळाडूंचे वेगळे ताफेच मैदानात उतरतात. अशा खेळांत ‘आमचे आक्रमण’ ही एक स्वतंत्र, बोट दाखवता येईल अशी वस्तू असते. आपल्या फुटबॉलमध्ये तसे नसते. तेच अकरा जण या क्षणी पुढे धावत असतात आणि चेंडू गमावला की पुढच्या क्षणी मागे. त्यामुळे फुटबॉलसंबंधी ‘आक्रमण’ लिहिताना त्याचा अर्थ ‘गोल करण्याच्या खेळाचे अंग’ इतकाच घ्यावा. त्यात कोण कोण आहे हे त्या शब्दातून कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही करू नये. ‘आपले आक्रमण दुबळे आहे’ हे पहिल्या मित्राचे वाक्य या अर्थाने निर्दोष आहे.

आता ‘आघाडी’. तिन्हींत हा शब्द मला सर्वांत घरचा वाटतो आणि सर्वांत अडचणीचाही. आघाडी-पिछाडी ही जोडी लष्करात होती आणि घोड्याच्या पागेतही. घोड्याचे पुढचे आणि मागचे पाय ज्या दोरांनी बांधत, त्यांनाही अगाडी-पिछाडी म्हणत. पुढचा भाग हा त्यातला मूळ अर्थ. त्यावरून सैन्याच्या पुढे असणाऱ्यांची ती आघाडी, आणि खेळात पुढे खेळणाऱ्यांची ‘आघाडीची फळी’. ‘फळी’ शब्दही त्याच रणांगणावरचा. शत्रूची फळी फोडणे हा वाक्प्रचार बचावफळीला आजही तंतोतंत लागू पडतो.

अडचण अशी की ‘आघाडी’ एकटी उभी राहिली की तिचे दोन इतर अर्थ तिला ओढून नेतात. ‘मुंबईने ३०व्या मिनिटाला आघाडी घेतली’ येथे आघाडी म्हणजे गोलांतला फरक. आणि महाराष्ट्रात कोणीही ‘आघाडी दुबळी आहे’ असे लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर संघाचे अंधेरीचे मैदान येण्याआधी मंत्रालय येते. ‘आघाडीत बिघाडी’ हा मथळा इतक्या वेळा छापून झाला आहे की त्या शब्दावरचा खेळाचा हक्क जवळजवळ गेल्यात जमा आहे. म्हणून खेळाडूंबद्दल बोलायचे असेल तेव्हा ‘आघाडीची फळी’ असे पूर्ण लिहावे, आणि एकट्या खेळाडूला ‘आघाडीवीर’ म्हणावे. ‘आघाडीच्या फळीने आघाडी मिळवून दिली’ हे वाक्य बरोबर असले तरी कोणी लिहू नये.

या दुसऱ्या मित्राने ‘आघाडी दुबळी’ लिहिले तेव्हा त्याच्या मनात खेळाडू होते, तर पहिल्याच्या मनात पद्धत होती. त्यांचा वाद शब्दाचा वाटत असला तरी मला तो तसा वाटत नाही. दुसरा म्हणत होता, खेळाडू बदला. पहिला म्हणत होता, खेळाडू ठीक आहेत, त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवण्याची रीत बदला. इंग्रजीतल्या एका शब्दाखाली हा मतभेद सुखाने लपून राहिला असता. मराठीत लिहायला घेतल्यामुळे तो उघड्यावर आला.

चौथे काम, म्हणजे वृत्तीचे, ‘आक्रमक’ या विशेषणाकडे आहे आणि त्याविषयी वाद नाही. फक्त ‘आक्रमक’ म्हणजे धसमुसळा नव्हे, एवढे सांभाळावे. पिवळी कार्डे गोळा करणारा संघ आक्रमक असतोच असे नाही.

प्रश्नात शेवटी विचारले आहे की ‘स्ट्रॅटेजी’ला ‘रणनीती’, ‘व्यूहरचना’ की ‘डावपेच’. ‘रणनीती’ चुकीचा नाही, परंतु हिंदी वृत्तवाहिन्यांनी तो इतका झिजवला आहे की त्यातून आता काहीच दिसत नाही. ‘व्यूह’ म्हणजे सैन्य उभे करण्याची ठरावीक आकृती. महाभारतातले गरुडव्यूह, मकरव्यूह, क्रौंचव्यूह आकारावरून ओळखले जातात. फुटबॉलमध्ये हे काम आता ४-३-३ किंवा ४-२-३-१ असे, बचावापासून आघाडीपर्यंत कोणत्या फळीत किती खेळाडू ते सांगणारे, आकडे करतात. पण १९२५मध्ये ऑफसाइडचा नियम सैल होऊन खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असणे पुरेसे ठरल्यावर इंग्लंडमध्ये जी मांडणी गाजली, तिला इंग्रजी अक्षरांच्या आकारावरून ‘डब्ल्यू-एम’ म्हणत. ती आणि गरुडव्यूह यांच्या नामकरणाची रीत एकच. म्हणून ‘व्यूह’ हा शब्द मी मांडणीसाठी राखून ठेवीन आणि ती मांडणी वापरून काय करायचे, त्याला कुस्तीच्या आखाड्यातून आलेला ‘डावपेच’ म्हणेन. मांडणी तीच ठेवून डावपेच बदलता येतात, आणि त्या मित्रमंडळातल्या दुसऱ्या गटाला नेमके तेच हवे आहे.

‘चाल’ हा शब्द कोणालाच कसा सुचला नाही, याचे मात्र आश्चर्य वाटते. तीन-चार खेळाडूंनी आपसांत पास देत गोलापर्यंत नेलेल्या चेंडूला ‘सुरेख चाल रचली’ असे म्हणतात, आणि शत्रूवर ‘चाल करून जाणे’ हाही मराठीचा जुना प्रयोग आहे. बुद्धिबळातला विचार आणि रणांगणावरची धाव या दोन्हींचा अर्थ त्या दोन अक्षरांत आहे. एकट्याच्या धडकेला ‘चढाई’, सांघिक बांधणीला ‘चाल’ असा भेद केला, तर छोट्या पासांचे समर्थक आणि लांब पासांचे समर्थक दोघांनाही आपापला शब्द मिळेल.

तेव्हा गोषवाऱ्याचे पहिले वाक्य मी असे लिहीन: ‘आपल्या आघाडीच्या फळीत गुणवत्ता आहे, तरीही आक्रमण दुबळे पडते, कारण चाली मधल्या फळीतच तुटतात, म्हणून सलामीच्या सामन्यात व्यूह तोच ठेवून दोन्ही बगलांतून अधिक चढाया कराव्यात.’ यातल्या मताशी पहिला गट सहमत होणार नाही, पण शब्दांवरून भांडण्याचे कारण उरू नये. आणि अनेकवचन ‘चढाया’ असेच करावे, ‘लढाई’चे ‘लढाया’ होते तसे. ‘अनेक चढाई केल्या’ हे अलीकडे सर्रास वाचायला मिळते, ते चूक आहे.