हजारातल्या पावणेपाचशे पौर्णिमा

प्रश्न : ताई माझ्याहून १८ वर्षांनी मोठ्या. ३८ वर्षांपूर्वी लग्न होऊन मी नाशिक रोडला आले, तेव्हा आमच्या समोरचं दार त्यांचं. तेव्हापासून तीन सिंहस्थ आम्ही एकत्र पाहिले. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघायला दोघी बसने घाटाकडे जायचो. छत्री उलटली तरी ताई बघितल्याशिवाय मागे फिरायच्या नाहीत. येत्या महिन्यात त्यांना ८१ पूर्ण होताहेत. मुलांनी गंगापूर रोडला लॉन्स घेऊन सहस्रचंद्रदर्शन ठरवलंय, मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. ओवाळायला मी पुढे व्हावं का? आणि ताईंना द्यावं काय?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आधी ओवाळण्याचं. जरूर ओवाळा. माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिची शाळेपासूनची मैत्रीण भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून होती. विधवा म्हणून तिला कुणी हाक मारली नाही. मीही नाही. सगळ्यांचं ओवाळून झालं तरी आई पाटावरून उठेना. "ती कुठाय?" एवढंच म्हणाली. मग ताम्हन मावशींच्या हातात गेलं. तोवर कणकेचे दोनतीन दिवे विझले होते, ते मावशींनी शेजारच्या दिव्यांवर पुन्हा लावले आणि मग ओवाळलं. मी त्यांना आधीच बोलवायला हवं होतं, याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून सांगते, त्या दिवशी कुणी बोलावील याची वाट बघू नका. आत्ताच ताईंच्या सुनेला फोन करा आणि "मीही ओवाळणार आहे" असं सांगून टाका. विचारू नका, सांगा.

आता भाषण. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. अशा हजार भरायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. दर ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिक मास त्यात आलाच. हाच हिशेब तुमच्या ३८ वर्षांना लावून पाहिला, तर ४७० पौर्णिमा होतात. ताईंच्या हजारातल्या जवळजवळ निम्म्या! मला स्वतःला हा आकडा काढताना भरून आलं. सुरुवात त्यानंच करा आणि मग पुराचा एकच प्रसंग सांगा, छत्रीसकट. ताईंच्या गुणांची यादी बाकीचे वाचतीलच. आजी बस पकडून पूर बघायला जायची, हे नातवंडांना कोण सांगणार? रडू आलं तर थांबा, पाणी प्या, पुढे बोला.

भेटवस्तूचं म्हणाल, तर शाली आणि श्रीफळं तिथे ढिगानं जमतील. तुम्ही सोहळ्यानंतरची पहिली पौर्णिमा धरा. आटवलेलं दूध थर्मासमध्ये भरा, दोन पेले घ्या, संध्याकाळी रिक्षा करून ताईंना घाटावर न्या. दुतोंड्या मारुती दिसेल अशा बेतानं रिक्षा उभी करायला सांगा, म्हणजे त्यांना उतरवलं नाही तरी बसल्या जागेवरून दिसेल.