वाचक विचारतात : दप्तरातली चळवळ

प्रश्न : स्वातंत्र्यलढ्यातील तरुणांविषयी वर्गात सांगताना आम्ही शिक्षक चापेकर बंधू, कान्हेरे, राजगुरू ही नावे घेतो आणि तिथेच थांबतो. ज्यांनी पिस्तूल हाती घेतले नाही आणि जे फासावरही गेले नाहीत, अशा शाळा-कॉलेजांतील मुलामुलींनी प्रत्यक्षात केले तरी काय?

उत्तर : ही नावे घ्यावीतच. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला अनंत कान्हेरे अवघा १८ वर्षांचा होता, तर राजगुरूंचे वय २२. मात्र आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर १९४२ साली सापडते. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत गांधीजींसह काँग्रेसचे बहुतेक पुढारी पकडले गेले, काँग्रेस बेकायदा ठरली आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. त्यामुळे पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी उरले नाही, आणि सांगायचे ठरवले तरी ते छापायचे कोठे, हा प्रश्न होता. या पोकळीत जी कामे करावी लागली, ती मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांच्या अंगावर पडली.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित, काम बुलेटिनांचे, म्हणजे गुप्त बातमीपत्रकांचे, होते. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने मजकूर कोरायचा, त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा, एकेक प्रत सुटी करून वाळवायची आणि उजाडण्यापूर्वी सारा पसारा आवरायचा, असा हा उद्योग रात्रभर चाले. मग त्या प्रती गावभर पोहोचवायच्या. येथे विद्यार्थी असणे हीच मोठी सोय ठरत असे, कारण पुस्तके घेऊन निघालेल्या मुलाकडे कोणी वळून पाहत नाही आणि त्याच्या बोटांवरचा शाईचा डागही कोणाला खटकत नाही. प्रभातफेऱ्या, दुकानांपुढची निरोधने (पिकेटिंग) आणि भूमिगतांचे निरोप ही कामे तर १९३० च्या कायदेभंगापासूनच मुलांच्या अंगवळणी पडलेली होती; त्या वेळी ठिकठिकाणी निघालेल्या वानरसेना त्याचसाठी होत्या.

मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता यांनी शिक्षण बाजूला सारून काही सहकाऱ्यांसह याच कामाला आवाज दिला. ४२.३४ मीटर तरंगलांबीवरून बोलणारे त्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून या घरातून त्या घरात हलवले जाई, आणि वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या बातम्या त्यावरून दिल्या जात. हे सारे काही महिनेच चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. साताऱ्याच्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर उभ्या केलेल्या कारभारात, पुढे आलेले जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हेही तेव्हा विशीतलेच होते, पण तो विषय स्वतंत्र उत्तराचा आहे.

नंदुरबारचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. तत्कालीन पश्चिम खानदेशातील या व्यापारी गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी, म्हणजे त्या अटकांना बरोबर महिना झाला त्या दिवशी, शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पुढे झेंडा घेऊन शिरीषकुमार मेहता होता, वय १५. घोषणा होती, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’, म्हणजे भारतभूमीचे निशाण झुकणार नाही. ती गुजरातीत होती, कारण गुजरातच्या सीमेलगतच्या त्या बाजारपेठेत अनेकांची घरची भाषाच ती होती. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमारबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही मारले गेले. वर्गात एकट्या शिरीषकुमारचे नाव सांगितले जाते. बाकीची चारही सांगावीत, अशी आमची आपल्याला विनंती आहे.

प्रश्न : सरकारला विद्यार्थ्यांची खरोखर एवढी धास्ती होती का?

उत्तर : होती, आणि ती सरकारी कागदांतच दिसते. बंगालची फाळणी झाली त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९०५ मध्ये, तेथे निघालेल्या कार्लाइल परिपत्रकाने बजावले की, ज्या शाळांची मुले स्वदेशीच्या चळवळीत दिसतील त्यांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद होतील. रंगपूरला सभेस गेलेल्या विद्यार्थ्यांना दंड झाला, तेव्हा तो भरण्याऐवजी तेथे राष्ट्रीय शाळाच काढण्यात आली. पुण्यात त्याच महिन्यात विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल फर्ग्युसनचे विद्यार्थी सावरकर यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. पुढे राष्ट्रीय शिक्षण देणारे तळेगावचे समर्थ विद्यालयही १९१० मध्ये सरकारने बंद पाडले.

प्रश्न : परंतु शिकत्या वयाच्या मुलांना लढ्यात ओढणे योग्य होते का?

उत्तर : हा आक्षेप त्या काळीही घेतला जात होता आणि तो पोकळ नव्हता. १९२०-२१ मध्ये असहकाराच्या हाकेला ओ देऊन अनेकांनी कॉलेजे सोडली. त्यांतल्या काहींना टिळक महाराष्ट्र विद्यापीठासारख्या नव्या संस्थांचा आधार मिळाला, पण फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर चळवळ स्थगित झाली तेव्हा पुष्कळांना सोडलेल्या बाकांवरच परतावे लागले. ८ ऑगस्ट १९४२ च्या भाषणात गांधीजींनी विद्यार्थ्यांना शिक्षण सोडण्याचा सरसकट आदेश दिला नाही. स्वातंत्र्य मिळेपर्यंत ठाम राहता येईल अशी खात्री असेल तरच सोडा, अशी अट घातली. या अटीमागे वीस वर्षांपूर्वीचा तो अनुभव असावा, असे आम्हांला वाटते.