‘भाव ठेव’ की ‘विश्वास ठेव’? आणि लीन, नम्र, दीन, सौम्य

प्रश्न असा आला आहे : नीतिसूत्रे ३:५ वर छोटे चिंतन लिहायचे आहे. जुन्या छापील पवित्र शास्त्रात तिथे ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असे आहे, नव्या भाषांतरात ‘विश्वास ठेव’. दोन्ही एकच का? आणि नम्रतेविषयी लिहिताना लीन, नम्र, दीन, सौम्य यांपैकी कुठला शब्द घ्यावा? सोबत मसुद्यातले एक वाक्य आहे : ‘आपली बुद्धी व्यर्थ आहे, म्हणून देवावर विश्वास ठेवून आपण दीनपणे जगावे.’

आधी वचन पाहू. बायबल सोसायटीच्या जुन्या आवृत्तीत ते असे आहे : ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको.’ मूळ हिब्रूतले क्रियापद ‘बाटाख’. एखादी गोष्ट खरी मानणे हा त्याचा गाभा नाही. त्याचा गाभा निर्धास्त असणे, बिनघोर राहणे हा आहे. शास्ते १८:७ मध्ये लईश गावचे लोक निवांत, निर्धास्त राहत होते असे सांगताना हाच धातू आला आहे. आजच्या हिब्रूत विम्याला ‘बितुआख’ म्हणतात, तोही याच कुळातला.

मराठीत ‘विश्वास’ शब्दाचा पल्ला मोठा आहे. ‘त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे’ इथपासून ‘देव आहे यावर विश्वास आहे’ इथपर्यंत सगळे त्यात मावते. म्हणून ‘विश्वास ठेव’ चुकीचे नाही, पण वाचकाच्या मनात आधी मान्य करण्याचा अर्थ येतो, विसंबण्याचा नंतर. ‘भाव’ या बाबतीत वरचढ होता. ‘देव भावाचा भुकेला’, ‘भाव तसा देव’ असे म्हणत आलेल्या समाजाला ‘भाव ठेव’ म्हणजे मनाचा सगळा कल तिकडे असू दे, हे समजावून सांगावे लागत नसे. ख्रिस्ती लेखनात हा शब्द घेण्याची परंपराही जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ती श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ आहे, आणि गोव्यातल्या कॅथलिक कोंकणीत तो आजही त्याच अर्थाने चालतो. मराठीने मात्र ‘भावार्थ’ कवितेच्या प्रश्नपत्रिकेला देऊन टाकला.

आजची अडचण वेगळीच आहे. शहरी तरुण वाचकाला ‘भाव’ म्हटले की बाजारभाव आठवतो, नाहीतर ‘भाव खाणे’. आणि भाव खाणे तर नम्रतेच्या नेमके उलट! तेव्हा वचन उद्धृत करताना ‘भाव ठेव’ तसेच राहू द्यावे (उद्धृत वचनातले शब्द आपल्या सोयीने बदलू नयेत, आणि दोन भाषांतरांची सरमिसळ तर मुळीच करू नये), पण पुढच्या विवरणात ‘भरवसा’ किंवा ‘विसंबणे’ वापरावे. ‘भरवसा’च. ‘भरोसा’ मराठी गद्यात उपरा वाटतो. ‘विश्वास’ शब्द नव्या करारातल्या ‘पिस्तिस’ या मूळ ग्रीक शब्दासाठी राखून ठेवला तर लेखन स्वच्छ राहते. इब्री ११:१ मध्ये मराठीने ही वाटणी सुरेख केली आहे : ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा.’ तिथे दोन्ही शब्दांना एकच समजले तर वाक्यात काही उरतच नाही.

सोबतच्या क्रियापदाकडेही लक्ष हवे. विश्वास ‘बसतो’ तो पुरावा पाहिल्यावर, आपोआप. विश्वास ‘ठेवतो’ तो ठरवून. ‘धरतो’ यात न सोडण्याचा अर्थ आहे, म्हणून संकटाच्या प्रसंगी ‘विश्वास धरून राहिला’ हे जुने वळण अजून शोभते. ‘टाकतो’ तेव्हा काहीतरी दुसऱ्याच्या हाती सोपवलेले असते. ‘प्रार्थनेचे उत्तर मिळाल्यावर तिने देवावर विश्वास ठेवला’ असे वाक्य चिंतनांत वारंवार दिसते. तिथे बहुतेक वेळा ‘तिचा विश्वास बसला’ म्हणायचे असते.

आता वचनाचा उत्तरार्ध, कारण मसुद्यातले वाक्य तिथेच घसरले आहे. ‘अवलंबून राहू नको’ याच्या मुळाशी ‘शाअन’ हे क्रियापद आहे : अंगाचा भार टाकून टेकणे. २ शमुवेल १:६ मध्ये शौल आपल्या भाल्यावर टेकून उभा होता, तिथे हेच. म्हणजे सांगणे असे की आपल्या समजुतीवर सगळा भार टाकू नको. समजूत फेकून दे, असे नव्हे. ‘बुद्धी’साठी इथे जो हिब्रू शब्द आहे, ‘बीना’, तोच पुढच्याच अध्यायात ४:७ मध्ये, जवळचे सगळे वेचून मिळवावा असा सांगितला आहे. ज्या पुस्तकात बुद्धी कमवायला सांगितले आहे, त्याच पुस्तकाच्या नावावर ‘बुद्धी व्यर्थ आहे’ लिहिणे बरे नाही. वचनातला ‘आपल्याच’मधला ‘च’ नजरेआड झाला की हा घोटाळा होतो.

नम्रतेच्या शब्दांत सर्वांत गुंतागुंतीचा आहे ‘लीन’. संस्कृत ‘ली’ धातूचा अर्थ चिकटणे, विरघळणे. विलीन, तल्लीन, लय हे सगळे त्याचेच गोत. भजनी परंपरेत ‘नामात लीन झाला’ म्हणजे त्यात हरवून गेला. मराठी बायबलमध्ये मात्र ‘लीन’ म्हणजे स्वतःला खाली ठेवणारा. ‘देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो’ यात हरवून जाण्याचा प्रश्नच नाही. हे दोन अर्थ वेगळे राखते ते शब्दापाठचे प्रत्यय-अव्यय. ‘देवापुढे लीन’, ‘देवाच्या हाताखाली लीन’ म्हटले की नमणे, आणि ‘देवात लीन’ म्हटले की एकरूप होणे. चिंतनात ‘प्रभूमध्ये लीन व्हा’ लिहिले तर निम्मे वाचक ध्यानात बुडण्याविषयी वाचत बसतील.

ग्रीकमध्ये यामागे ‘तापेइनोस’ आहे : खालच्या पायरीवरचा, क्षुल्लक. त्या काळच्या ग्रीक बोलण्यात हे कौतुकाचे विशेषण नव्हते. फिलिप्पै २:८ मध्ये ख्रिस्ताने ‘स्वतःला लीन केले’, तिथे याच शब्दाचे क्रियापद आहे आणि त्याचा शेवट वधस्तंभावर होतो. मरीयेच्या स्तोत्रात, लूक १:४८ मध्ये, त्याच मुळातल्या नामाला मराठीने ‘दैन्यावस्था’ म्हटले आहे. ते योग्यच, कारण तिथे मरीया आपल्या गुणाविषयी बोलत नाही, परिस्थितीविषयी बोलते. स्वतःच्या नम्रतेची तारीफ करणारी मरीया भाषांतरात उभी राहिली असती तर पंचाईत झाली असती.

‘नम्र’ हा वाकण्याचा शब्द, ‘नम्’ धातूचा. मीखा ६:८ मध्ये देवाबरोबर ‘नम्रभावाने चालणे’ आहे आणि तिथे तो छान बसतो, कारण विषय चालण्याचा, वागण्याचा आहे. मात्र ‘नम्र विनंती’, ‘आपला नम्र’ अशा वापराने तो शिष्टाचाराच्या अंगाने झिजला आहे. वागणुकीविषयी लिहायचे तर ‘नम्र’, देवापुढच्या जागेविषयी लिहायचे तर ‘लीन’, अशी वाटणी मी सुचवेन.

‘दीन’ यांपासून अगदीच निराळा. ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ (मत्तय ५:३) यात ग्रीक ‘प्तोखोस’ आहे, म्हणजे हाती काहीच नसलेला, मागूनच जगणारा. तो स्वभाव नाही, गरज आहे. ‘दीनपणे जगावे’ म्हटले की मराठी कानाला ‘दीनवाणा’ ऐकू येतो : पडलेला चेहरा, हात जोडून लाचार उभा. वचनाला ते अभिप्रेत नाही. दोनच वचने पुढे ‘सौम्य’ येतो. तो औषधांच्या आणि साबणांच्या जाहिरातींनी पातळ केला आहे. तिथे येशू स्तोत्र ३७:११ चे शब्द घेतो, आणि त्या स्तोत्रातले लोक आहेत अन्याय सोसूनही न चिडणारे, दुष्टाच्या भरभराटीने न जळणारे. हा संदर्भ एका ओळीत दिला की ‘सौम्य’ पुन्हा घट्ट होतो.

भरवसा आणि लीनता एकत्र आणायची असतील तर नीतिसूत्रांपेक्षा १ पेत्र ५:६-७ अधिक उपयोगी. मराठीत ती दोन वचने सुटी वाटतात : आधी देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, मग ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ ग्रीकमध्ये हे एकच वाक्य आहे आणि ‘टाका’ हे तिथे आज्ञार्थी नाही, ते धातुसाधित आहे. मराठीत त्याला ‘टाकून’ म्हणावे लागेल : चिंता त्याच्यावर टाकून लीन व्हा. म्हणजे चिंता स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरणे हाही ताठपणाच ठरतो. चिंतनाला खरे तर एवढा एक मुद्दा पुरे. ‘चिंता’ आणि ‘काळजी’ इथे वेगळे ठेवले आहेत तेही जपावे. ग्रीकमध्येही तिथे दोन वेगळी मुळे आहेत. ‘काळजी’च दोनदा घ्यायची असेल तर क्रियापदाने फरक दाखवता येतो, आपण काळजी ‘करतो’, तो काळजी ‘घेतो’.

मसुद्यातले वाक्य मी असे करेन : ‘बुद्धी वापरावी, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये, तो परमेश्वरावर टाकून त्याच्यापुढे लीन आणि माणसांशी नम्र राहावे.’