लघवी उलटी किडनीकडे जाते, रोजचं औषध बंद करू का?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मुलगी साडेतीन वर्षांची. चार महिन्यांत दोनदा १०३ ताप, सर्दी नाही खोकला नाही, दुसऱ्या वेळी लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं. मग सोनोग्राफी झाली, नळी घालून एमसीयू (लघवीच्या पिशवीत औषध भरून काढतात तो एक्स-रे) पण झाली, डाव्या बाजूला ग्रेड ३ रिफ्लक्स आहे, म्हणजे लघवी उलटी किडनीकडे जाते म्हणे. रोज रात्री अँटिबायोटिक चालू आहे, ती तोंड घट्ट मिटून घेते आणि सासूबाई म्हणतात आता बरी आहे ना, मग बंद कर. ऑपरेशन लागेल का हो? — एक आई, ठाणे

उत्तर : ताई, औषध मनाने बंद करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. किडनीकडून येणारी नळी लघवीच्या पिशवीत तिरकी शिरते, पिशवी भरली की ती दाबली जाऊन बंद होते, काही मुलांत हा तिरका भाग आखूड असतो म्हणून लघवी वर चढते. वयाबरोबर तो लांबतो, त्यामुळे पाचपैकी तिसऱ्या ग्रेडला बऱ्याच मुलांना ऑपरेशन लागतच नाही. औषध चालू असूनही तापाचं इन्फेक्शन परत परत झालं, तर मात्र डॉक्टर दुर्बिणीतून इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार करतात.

सासूबाईंची काळजी मला कळते, पण हा डोस अगदी छोटा असतो. २०१४ साली अमेरिकेतल्या सहाशेवर मुलांच्या अभ्यासात रोजच्या औषधाने परत होणारं इन्फेक्शन जवळजवळ निम्म्यावर आलं, इन्फेक्शनमुळे किडनीवर पडणारे डाग मात्र त्याने कमी झाले नाहीत. म्हणून नुसतं औषध देऊन निर्धास्त राहू नका, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि तापावरचं नवीन अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवी रुटीन आणि कल्चरला (जंतू कोणता ते बघणाऱ्या तपासणीला) गेलीच पाहिजे, दोन दिवस पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

आणि तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून विचारते, तिला शी रोज होते का, कडक होते का? आतडं भरलेलं असलं की पिशवीवर दाब येतो, ती नीट रिकामी होत नाही आणि इन्फेक्शन परत येतं, हे घरोघरी दुर्लक्षित राहतं. प्लेग्रुपमध्ये मुलं लघवी दाबून धरतात, तिथल्या टीचरना सांगा की दर दोन-तीन तासांनी तिला नेऊन बसवा, पाय अधांतरी नकोत, खाली पाट ठेवा. शी कडक असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

केमिस्टकडे लघवी तपासायला द्यायच्या निर्जंतुक डब्या मिळतात, दोन घरात आणून ठेवा, ताप रात्रीच चढतो.