गवत पिवळं आहे, ते पिवळंच राहू दे

काका, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकरोडला राहतो. जानेवारीत मित्रांबरोबर येवल्याच्या पुढे ममदापूरला काळवीट बघायला गेलो होतो, संध्याकाळी पाचच्या सुमारास एक नर मिळाला, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलाय. पण फोटो उघडला तर सगळं मळकट पिवळं-हिरवं दिसतं. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो दाबलं तर काळवीट चक्क निळं झालं. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन पोटाच्या पांढऱ्यावर क्लिक केलं, तरी जमलं नाही. मित्र म्हणतो काळा रंग वाढव, म्हणजे काळवीट वाटेल. नेमकं काय करू? फाइल सोबत पाठवतोय.

अरे बाबा, फाइल पाठवलीस ते फार बरं केलंस, नाहीतर बरेच जण मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात आणि विचारतात रंग का बिघडला, त्यावर मी काय सांगणार कपाळ.

आधी निळं का झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून सॉफ्टवेअर स्वतः रंग जुळवतं ते, त्याचा ढोबळ हिशोब असा असतो की सगळ्या फोटोची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यायला हवी. आता तुझ्या फोटोत बारा आणे गवत आहे, तेही जानेवारीतलं वाळकं, वर संध्याकाळचं ऊन. सरासरी पिवळी येणारच. सॉफ्टवेअरला काय माहीत की गवतच पिवळं आहे, त्याला वाटलं फोटोवर पिवळी झाक आलीय, म्हणून त्याने वरून निळा ओतला आणि त्यात बिचारं काळवीट सापडलं. कॅमेऱ्याने ५१०० केल्व्हिन धरलं होतं, ऑटोने ते ४१०० वर आणून ठेवलं (हा टेम्प स्लायडरचा आकडा, तो उतरवला की फोटो निळा होतो). हिरव्यागार शेतातला बगळा, लाल मातीतली शेळी, कुठेही एकाच रंगाची गर्दी असली की हाच घोळ होतो.

म्हणून आधी ऑटो काढून टाक आणि रंगाला हातच लावू नकोस. हो, रंगाची तक्रार आहे तरी. तुझा अर्धा आजार रंगाचा नाहीच, उजेडाचा आहे. वर आकाशाची पट्टी आलीय ना, ती बघून कॅमेऱ्याने एक्सपोजर कमी धरलं, हिस्टोग्रॅम बघ, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, त्यात उजवीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा आहे. आणि पिवळा रंग अंधारला की डोळ्याला मळकट हिरवा दिसतो, हळदीच्या डब्याच्या तळाशी सावलीत बघितलंयस कधी, तसं. मी फक्त एक्सपोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर नेलं तर ते हिरवट गेलंच बरंचसं, टेम्पला हात न लावता.

मग व्हाइट्स, म्हणजे फोटोतला सगळ्यात उजळ भाग. ऑल्ट बटण दाबून धरायचं आणि स्लायडर उजवीकडे न्यायचा, स्क्रीन पूर्ण काळी होते आणि जिथे उजेड जळायला लागतो तिथे ठिपके उमटतात. पोटाच्या पांढऱ्यावर दोनचार ठिपके आले की थांबायचं आणि थोडं मागे यायचं. ब्लॅक्सचं उलटं, तिथे स्क्रीन पांढरी होते, आणि शिंगांच्या वळ्यांमधल्या खाचा तेवढ्या काळ्या व्हायला हव्यात, पाठ नाही. पाठीवरचे केस दिसले पाहिजेत. शॅडोज मी पंचवीसपर्यंत उचलले, तू साठ केले होतेस, त्यामुळे पोटाखाली जांभळे-हिरवे दाणे आलेत आणि शिंगांच्या कडेने पांढरट वलय उठलंय, आकाश मागे असलं की ते लगेच चुगली करतं.

हे सगळं रंगाआधी करायचं कारण एवढंच की कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही गडद होतात. आधी रंग जमवून मग कॉन्ट्रास्ट ओढला तर परत पहिल्यापासून.

आता व्हाइट बॅलन्स. ड्रॉपर घेऊन पोटावर क्लिक केलंस असं लिहिलंयस आणि तरी जमलं नाही. जमणार कसं, पोटावर खालच्या गवताचा उजेड उसळून येतो, ते पांढरं राहतच नाही, साडीचा रंग हनुवटीवर पडतो तसा गवताचा रंग तिथे पडलेला असतो. काळवीटाच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं ना, ते बघ. शंभर टक्के झूम कर, उन्हाच्या बाजूच्या डोळ्यावर जा, कड्याच्या वरच्या भागावर नुसता कर्सर ठेव आणि हिस्टोग्रॅमखालचे आकडे वाच. ऑटोमध्ये तिथे लाल ७८, हिरवा ८२, निळा ८९ होता. म्हणजे निळा पुढे, चोर सापडला. कॅमेऱ्याच्या मूळ सेटिंगला लाल ८४, हिरवा ८०, निळा ७२, म्हणजे पिवळट. तिन्ही सारखे केले की ते कडं कागदासारखं पांढरं होतं, पण मग पाच वाजताचं ऊन दुपारी बाराचं वाटतं. तू तिथे उभा होतास, तुला ते ऊन कोवळं पिवळं दिसलं होतं की नाही? मग मी मधे थांबलो, टेम्प ४८०० च्या आसपास, लाल थोडा वर, निळा थोडा खाली. हे काही शास्त्र नाही, तुझ्या डोळ्याला पटेल तिथे थांब, फक्त थांबण्याआधी आकडाही बघ, कारण दहा मिनिटं एकाच फोटोकडे बघत बसलं की डोळा कशालाही सरावतो. मी तर मधे उठून चहा करतो.

गवत अजूनही फार बोंबलत असेल तर पिवळ्या रंगाचं सॅच्युरेशन (भडकपणा) वेगळं कमी कर, दहा-पंधरा, त्याहून जास्त नको. पण मानेवरचा तपकिरी रंगही थोडा पिवळ्यात मोडतो, तो फिका पडेल, म्हणून प्राण्याचा मास्क करून (म्हणजे तेवढा भाग वेगळा निवडून) त्याला बाहेर ठेव. डिहेझ, म्हणजे धूसरपणा काढायचा स्लायडर, लांबच ठेव. लांबून लेन्स लावली की मधली धूळ येतेच, डिहेझने ती थोडी जाते पण रंग भडक होतात आणि सावल्या निळ्या पडतात. आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरून जो धूसरपणा येतो तो कुठल्याच स्लायडरने जात नाही, त्याला उपाय एकच, सकाळी लवकर जा.

राहिला तुझा मित्र. त्याला सांग काळवीट काळंच असतं असं नाही. तरणा नर तपकिरी असतो, वय वाढेल तशी पाठ काळी होत जाते, आणि ऋतूप्रमाणेही रंग फिका-गडद होतो. तुझ्या नराच्या शिंगांना पीळ कमी आहेत, पाठ चॉकलेटी आहे, म्हणजे तो अजून पोरगा आहे. त्याला काळा केलास तर ती दुरुस्ती नाही, खोटी जन्मतारीख झाली. आणि एक, रागावू नकोस, फोटोत कळप पळताना दिसतोय आणि कोपऱ्यात बाईकचा आरसा आलाय. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सगळ्यात कडक संरक्षण आहे, बाईकने कळप पळवायचा नसतो. गाडी बांधावर लावून अर्धा तास गप बसलास तर ते स्वतःच जवळ येतात, आणि फोटोही चांगले येतात.

काका, मी निवृत्त शिक्षिका, निफाडला असते. नांदूरमधमेश्वरला जांभळी पाणकोंबडी टिपली, झूम कॅमेरा आहे, जेपेग येतं. प्रत्यक्षात जांभळी, फोटोत निळीभोर आणि कपाळावरचा लाल टिळा तर प्लास्टिकचा वाटतो.

ताई, नांदूरमधमेश्वर म्हणजे गोदावरी-कादवेच्या संगमावरचं ठिकाण, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं, आणि तुम्ही घराजवळून जाऊन येता म्हणजे मला थोडी असूया वाटते हे आधी कबूल करतो.

त्या पक्ष्याच्या पिसांना चमक असते, ऊन कुठून पडतंय त्यावर तो घटकेत निळा घटकेत जांभळा दिसतो, त्यामुळे कॅमेऱ्याची सगळी चूक नाही. पण तुमचा कॅमेरा बहुतेक व्हिव्हिड मोडवर आहे, तो न्यूट्रल किंवा स्टँडर्ड करा. आहे त्या फोटोत निळ्याचा ह्यू (रंगछटा) जांभळ्याकडे किंचित सरकवा आणि निळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, एवढं पुरे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४, म्हणून जेपेग फार ओढलं की पाण्यावर पट्टे उठतात.

टिळ्याचं मात्र अवघड आहे. हिस्टोग्रॅम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, एकत्र आलेख ठीक दिसतो पण लाल एकटाच उजव्या भिंतीला चिकटलेला असेल. तिथला बारकावा टिपलाच गेलेला नाही, तो परत आणता येत नाही. पुढच्या वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यातली उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन-तृतीयांश ठेवा, ती पाणकोंबडी काही कुठे जात नाही, तिथलीच आहे.

लॅपटॉपवर फोटो झकास दिसतो, प्रिंट काळपट येते. लॅब बदलू का? (सिडको)

लॅब नको बदलू, लॅपटॉपचा ब्राइटनेस बदल. फुल ब्राइटनेसवर एडिट केलं की फोटो उजळ वाटतो आणि आपण तो अंधारातच सोडून देतो. निम्म्यावर आण, खोलीतला दिवा चालू ठेव, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत सेव्ह कर आणि मोठी प्रिंट काढण्याआधी चार बाय सहाची एक काढून बघ.

आणि स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना? मी एकदा रात्री बसून चाळीस फोटो केले, नाइट मोड चालू, स्क्रीन पिवळी, म्हणून मी प्रत्येक फोटोत बेतानं निळा घालत गेलो. सकाळी प्रिंट आल्या तर सगळे बगळे निळे, आणि लॅबवाल्याशी भांडून झाल्यावर मला कारण कळलं. त्याच्याकडे परत गेलो तेव्हा मिसळ माझ्याकडून होती.