तुझा 24 चा आकडा

अगं पोरी,

मेल वाचला. फरशीच्या पॉलिशसाठीचा तुझा सर्फॅक्टंट, म्हणजे पाण्याचं सरफेस टेन्शन (पृष्ठताण) उतरवून ते पसरवणारा पदार्थ, 24 वर अडकला, फ्लोरिनवाला 17 पर्यंत जातो, म्हणून सगळं फेकून द्यायचं म्हणतेस. थांब जरा. साध्या पाण्याचं सरफेस टेन्शन 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, तिथून रेणूच्या नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या फांद्यावाल्या शेपटीवर 24 गाठलंस, हे कमी नाहीये.

आधी सांग, फरशीच्या पॉलिशला 17 लागतं का? पॉलिश सरळ पसरलं, कडेला गोळा झालं नाही की झालं ना. आग विझवायच्या फोमचंच बघ, जुन्या फोमला पेट्रोलवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवायचा असायचा, त्याला फ्लोरिन लागायचं, फ्लोरिनशिवायच्या फोमने तो पापुद्राच सोडून दिला आणि फेसाच्या जाड गादीने आग झाकली. आणि आपल्या पिंपळगावच्या द्राक्षबागांत बघ, फवारणीत सिलिकॉन स्टिकर (औषध पानावर पसरवणारं द्रव्य) टाकला की पानावरचा गोल थेंब क्षणात सपाट होतो, छान वाटतं, पण तेच मण्यावर जास्त झालं की त्याच्यावरची पांढुरकी लव, लस्टर, जातं आणि माल डागाळतो.

आता माझी चूक सांगतो, तू करू नकोस. पीएफओएस हे आठ कार्बनच्या शेपटीचं फ्लोरिनवालं रसायन 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं, पुढे 2019 मध्ये त्याचंच भावंड पीएफओए, आणि त्या काळात मी आठ कार्बनच्या शेपटीवरून सहाच्या शेपटीवर आलो आणि गिऱ्हाईकाला बिनधास्त सांगितलं की हे सेफ आहे. छोटी शेपटी शरीरातून लवकर निघते हे खरं, पण कार्बन-फ्लोरिनचा बाँड तोच, निसर्गात ती तुटत नाही, उलट पाण्याबरोबर लांब जाते आणि चारकोलच्या फिल्टरलाही कमी चिकटते. ते पाणी शेवटी गोदावरीतच जाणार होतं ना. अजून खुपतं मला ते.

म्हणून बायोडिग्रेडेशनची, म्हणजे जिवाणू पदार्थ कुजवतात का याची, चाचणी शेवटी नको, आत्ताच लाव. ओईसीडी 301 ही ठरलेली चाचणी, 28 दिवस, जिवाणूंनी वापरलेल्या ऑक्सिजनवर मोजलंस तर 60 टक्के गाठायला हवेत. घरगुती सांडपाण्यातले जिवाणू लागतील, तपोवनच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) परवानगी मागून बघ. आणि तुझ्या शेपटीच्या फांद्या जपून वाढव, जास्त फांद्या म्हणजे टेन्शन खाली येतं पण जिवाणूंना ती कुरतडणं जड जातं, खरी ओढाताण तिथेच आहे.

सोमवारी अंबडला लॅबमध्ये ये, 0.01, 0.05 आणि 0.1 टक्क्याची सोल्युशन्स घेऊन, आणि पॉलिशचा डबाही आण. टेन्शन मोजायची प्लॅटिनमची प्लेट मी लाल होईस्तोवर तापवून साफ करून ठेवतो.